प्रतिसाद: स्वीकार म्हणजे हार मानणं?
मनातली भीती, नकोसे विचार यांचा ‘स्वीकार म्हणजे हातावर हात ठेवून बसणं’ असं वर एकांनी लिहिलंय, ते मत पटलं नाही. आम्ही सांगलीत कृष्णाकाठी राहतो. 2019 च्या पुरानंतर आयर्विन पुलापाशी पाणी चढायला लागलं की माझ्या पोटात गोळा येतो, 40 फुटांची इशारा पातळी लांब असली तरी. समुपदेशक ताईंनी शिकवलं ते असं: ‘घर बुडणार’ऐवजी ‘घर बुडणार, असा विचार मला येतोय’ असं मनात म्हणायचं, धडधड होऊ द्यायची आणि सामान माळ्यावर चढवायचं ते चढवायचंच. भीती गेलेली नाही, पण सारखं मोबाईलवर पातळी बघणं खूप कमी झालं.

ही युक्ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज यांनी 1980 च्या दशकात मांडायला घेतलेल्या ‘अ‍ॅक्ट’ (Acceptance and Commitment Therapy, म्हणजे स्वीकार आणि बांधिलकी) या मानसोपचारपद्धतीतली. मन स्थिर करायला डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देताना उलट जास्तच घाबरायला होत असेल (मला व्हायचं), तर डोळे उघडे ठेवून तळपायाखालच्या फरशीकडे लक्ष द्यावं. कुणाकडे जायचं कळत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.