'ख-छी'ला मराठीत काय म्हणावं?

सिंगापूरच्या आमच्या इमारतीत समोरच्या घरात ऐंशीच्या पुढच्या एक चिनी आजी राहतात. दिवाळीत बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन गेले की त्या दोन्ही हात हलवत "नको नको" करतात. मी पुन्हा पुढे करते, त्या पुन्हा नको म्हणतात आणि तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी डबा घेतात. आठवडाभराने तो परत येतो, पण रिकामा कधीच येत नाही. चिनी नववर्षाच्या सुमारास असेल तर आत दोन संत्री असतात, जोडीनेच. डबा रिकामा परत करू नये हे माझ्या आजीनेही मला शिकवलं होतं, त्यामुळे इथवर सगळं ओळखीचं वाटतं.

अडतं ते शब्दापाशी. मी आभार मानले की त्या होक्कियन बोलीत म्हणतात, "मई खे-खी". मंदारिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, हेच "बिए ख-छी". यातल्या 'ख'चा अर्थ पाहुणा. 'छी' म्हणजे वाफ, हवा, श्वास आणि त्यावरून माणसाचा आविर्भाव. म्हणजे 'ख-छी' हे पाहुण्यासारखं वागणं, आणि आजी सांगतात ते करू नकोस.

गंमत अशी, की एखाद्याला 'फार ख-छी माणूस' म्हटलं तर ती स्तुती असते: नम्र, आब राखून बोलणारा. हाच शब्द जवळच्या माणसाला लावला की तक्रार होते. लांबून गुण आणि जवळून दोष, असा मराठी शब्द मला सापडत नाही. 'सौजन्य' स्तुतीला चालेल, पण 'सौजन्य करू नका' असं कुणी म्हणत नाही. 'संकोच' मनातला असतो, ख-छी ही उघड केलेली कृती. 'भीड' बरीच जवळ जाते, पण भिडस्त माणसाची आपल्याला थोडी कीव येते, ख-छी माणसाची येत नाही. 'औपचारिकता' सरकारी पत्रातली वाटते.

हे नुसतं भाषांतराचं कोडं असतं तर मी विचारलं नसतं. आजींची नात विशीतली आहे. आजीने सूपचा वाडगा पुढे ठेवला की ती दर वेळी "थँक्यू" म्हणते. एकदा माझ्यासमोरच आजी तिला म्हणाल्या, "मी काय हॉटेलातली बाई आहे?" नात गप्प झाली आणि नंतर जिन्यात मला म्हणाली, "तिच्या कष्टांची दखलही घ्यायची नाही का?"

मला दोघींचंही पटतं. सिंगापूरमध्ये १९७९ साली सरकारने सौजन्याची मोठी मोहीम सुरू केली. 'सिंगा' नावाचा सिंह १९८२पासून तिचा चेहरा झाला. मुलांनी आभार आणि माफीचे शब्द त्यातून घोकले. त्याच १९७९च्या सप्टेंबरात 'मंदारिन बोला' ही दुसरी मोहीम आली आणि होक्कियन, तेओच्यू, कँटोनीज या घरातल्या बोल्या मागे पडत गेल्या. २०२०च्या जनगणनेत तर सुमारे ४८ टक्के लोकांनी घरी सर्वाधिक बोलली जाणारी भाषा इंग्रजी असल्याचं सांगितलं. नातीजवळ सौजन्य भरपूर आहे, पण ते आजीच्या भाषेतलं नाही. आजीच्या भाषेत घरच्या माणसाचे आभार मानणं म्हणजे त्याला दाराबाहेर उभं करणं.

सुचवा काही.

प्रतिसाद

शब्द तुमच्या वाक्यातच आहे. आमच्या घरी माहेरवाशीण स्वयंपाकघराच्या दारात अवघडून उभी राहिली की आई म्हणायची, "पाहुण्यासारखी काय उभी आहेस?" मग 'पाहुणेपणा करू नका' का नको? शब्दशःही जुळतं.

आणखी दोन जोड्या देतो. जेवायला बसलेल्यांना आपण "सावकाश होऊ द्या" म्हणतो, चिनी यजमान म्हणतो "मान-मान छ", हळूहळू खा. निघालेल्या पाहुण्याला ते "मान-जोउ" म्हणतात, म्हणजे हळू चाला. आपलं "सावकाश जा". वयस्कर माणसाच्या स्वयंपाकाची स्तुती करून पाहा. तो "ना-ली, ना-ली" म्हणेल, म्हणजे "कुठे, कुठे". आपण "छे हो, कसलं काय" म्हणतो तसंच. हल्लीची तरुण मुलं मात्र स्तुती झाली की सरळ "श्ये-श्ये" म्हणून आभार मानतात आणि मोकळी होतात.

प्रतिसाद

हाँगकाँगला काही वर्षं काढली म्हणून लिहिते. कँटोनीजमध्ये आभाराचे शब्दच दोन आहेत. कुणी दार धरलं, वेटरने पाणी आणलं, गर्दीत वाट दिली, तर "म-कोय". भेटवस्तू मिळाली, सणाला पैसे घालून देतात ते लाल पाकीट मिळालं किंवा कुणी कौतुक केलं, तर "तो-चे". यात चूक केलीत की परके आहात हे लगेच कळतं. 'म-कोय'चा शब्दशः अर्थ 'असं करायला नको होतं' असा, म्हणजे आपलं "कशाला त्रास घेतलात!". त्यामुळे चिनी माणसं आभार मानत नाहीत असं सरसकट म्हणू नये. प्रश्न उंबऱ्याचा आहे, आतलं कोण आणि बाहेरचं कोण याचा.

प्रतिसाद

उंबऱ्यावरून 'ज्येन-वाय' आठवला. 'वाय' म्हणजे बाहेर. "बिए ज्येन-वाय" म्हणजे स्वतःला बाहेरचं समजू नका. हाच 'वाय' आईच्या आईला लागतो: 'वाय-फो', बाहेरची आजी. चुलत भावंडांना 'थांग' लागतं, म्हणजे घराचं मुख्य दालन. मामे, मावस आणि आते भावंडांना 'ब्याओ', म्हणजे बाहेरची बाजू. काका, मामा, आत्या, मावशी यांना वेगवेगळे शब्द आहेत, शिवाय वडिलांचा थोरला भाऊ वेगळा आणि धाकटा वेगळा.

आता हे सगळे शब्द आहेत, माणसं नाहीत. मुख्य चीनमध्ये १९८०च्या सुमारास आलेलं एक अपत्याचं धोरण २०१५ साली संपवण्याचं ठरलं. ज्या मुलाचे आई आणि वडील दोघंही एकुलते, त्याला ना आत्या, ना मामा, ना सख्खं चुलत-मावस कुणी. शाळेत तो हे शब्द पाठ करतो, पण हाक मारायला कुणी नसतं. मला हे फार अस्वस्थ करतं.

शब्दाच्या पोटातला अर्थ मात्र बोलणाऱ्याला ऐकू येतोच असं नाही. २०१८ साली शांघायच्या दुसरीच्या पाठ्यपुस्तकात 'वाय-फो' काढून उत्तरेकडचा 'लाओ-लाओ' घातला, तेव्हा लोक संतापले आणि मूळ शब्द परत आणावा लागला. 'बाहेरची' म्हणवणारी ती आजीच त्यांना मायेची वाटत होती.

प्रतिसाद

याच ओघात 'श्याओ-शुन'ही घ्या. भाषांतरात सर्रास 'मातृपितृभक्ती' घालतात, मला ते अपुरं वाटतं. 'श्याओ'चं अक्षर पाहा, वर वृद्ध आणि खाली मूल. 'शुन' म्हणजे प्रवाहाच्या दिशेने जाणं, ऐकणं. भक्तीत देव लागतो, इथे रोजची सेवा आणि आज्ञापालन आहे. कन्फ्यूशियसनेच बजावलं होतं, की आईबापांना नुसतं पोसणं म्हणजे श्याओ नव्हे. कुत्र्या-घोड्यांनाही माणूस पोसतो, आदर नसेल तर फरक काय राहिला?

युआन राजवटीच्या काळापासून (तेरावं-चौदावं शतक) प्रसिद्ध असलेल्या श्याओच्या चोवीस आदर्श कथांत एक मुलगा आईवडिलांना डास चावू नयेत म्हणून स्वतः उघडा झोपतो. २०१२ साली चीनमध्ये अधिकृतपणे नवी चोवीस कलमं आली. त्यांत आईवडिलांना इंटरनेट शिकवा, आठवड्याला फोन करा, नियमित आरोग्य तपासणी करून घ्या, असं आहे. १ जुलै २०१३ पासून कायद्यातच आलं, की वेगळ्या राहणाऱ्या मुलांनी वृद्धांना वरचेवर भेटावं. त्याच दिवशी वूशी शहरातल्या न्यायालयाने ७७ वर्षांच्या एका आईच्या मुलीला दोन महिन्यांतून किमान एकदा भेटायला जाण्याचा आदेश दिला. सिंगापूरचा १९९५चा आणि आपल्याकडचा २००७चा कायदा निर्वाहाचं बोलतो. हा भेटीचं बोलतो.

'शुन' आता तरुणांना जड जातो. सेवा करू, पण लग्न, नोकरी, शहर आमचं आम्ही ठरवू, असं ते म्हणतात. यात मला मूल्यांचा ऱ्हास दिसत नाही. पण दोन महिन्यांतून एकदा, तेही न्यायालयाने सांगितलं म्हणून येणारी मुलगी त्या घरात घरची की पाहुणी? तिला आई "बिए ख-छी" म्हणत असेल का?

मूळ लेखिका

शेवटचा प्रश्न वाचून मी बराच वेळ नुसती बसले. मी वर्षातून एकदा पंधरा दिवस घरी जाते. गेल्या खेपेला आईने माझ्यासाठी नवा टॉवेल काढून ठेवला होता.

'पाहुणेपणा' घेतला. स्तुतीच्या अर्थी मात्र 'अदब' लिहीन. मराठीत एकाच शब्दाने दोन्ही कामं होत नाहीत, हे मान्य.

परवा आजींकडे गेले तेव्हा नातीला 'पाहुण्यासारखी काय उभी आहेस' याचा अर्थ सांगितला. तिने तो आजीला होक्कियनमध्ये, अडखळत का होईना, सांगितला. आजी हसल्या आणि माझ्याकडे बोट दाखवून नातीला काहीतरी म्हणाल्या. सूप आलं तेव्हा नात थँक्यू म्हणाली नाही, "हो चिया" म्हणाली: छान झालंय. आमच्याकडेही स्वयंपाक करणारीला हेच सांगतात, आभार कुणी मानत नाही. आजींनी तिच्या वाडग्यात आणखी एक डाव ओतला.

आता पुढचा शब्द. इथे उठता-बसता "पाय-से" ऐकू येतं: लाज, ओशाळणं, 'माफ करा' आणि 'तुम्हाला त्रास दिला', सगळं एकदम. 'कानकोंडं होणं' मला जवळचं वाटतं, पण कानकोंडं झालेला माणूस ते तोंडाने सांगत नाही आणि 'पाय-से' तर मोठ्याने सांगायचं असतं. कुणाला सुचतंय?