मदत हवी आहे: मामांच्या पोटाच्या कॅन्सरबद्दल

मंडळी, आमचे मामा, वय ६१, कोल्हापुरात गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणारा गडी, दोन महिने झाले चार घासातच पोट भरतंय म्हणायचे आणि आम्ही आपलं अ‍ॅसिडिटी समजून गोळ्या देत बसलो. मग शी डांबरासारखी काळी व्हायला लागली तेव्हा कुठं एंडोस्कोपी केली. बायोप्सीत हेपॅटॉइड अ‍ॅडिनोकार्सिनोमा आलंय, म्हणजे गाठ जठरातच पण पेशी लिव्हरसारख्या, रक्तात एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरमध्ये वाढणारं प्रोटीन) पण लई वाढलंय. दुर्मिळ आहे, लिव्हरमध्ये लवकर पसरतो म्हणाले डॉक्टर. सीटीत लिव्हर अजून क्लिअर आहे, तेवढाच आधार. कुणाच्या घरी हाच प्रकार झालाय का? आधी केमो घेतली की डायरेक्ट ऑपरेशन? हर-टू टेस्टचा (गाठीच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रोटीन जास्त आहे का ते बघायची तपासणी) रिपोर्ट किती दिवसांत येतो? मामी रोज विचारते, बरे होतील न्हवं, काय सांगू तिला?