फाइलवरचे ‘एल्डरली’, ‘पुअर’, ‘वंध्यत्व’ हे शब्द मनातून कसे काढायचे? मदत हवी आहे

नमस्कार. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आधीच सांगते, औषधं किंवा डॉक्टर सुचवू नका. उपचार सुरू आहेत आणि आमच्या डॉक्टरांवर माझा विश्वास आहे. मदत हवी आहे ती वेगळीच.

माझं वय ३६, नवऱ्याचं ४१. बाळासाठी प्रयत्न सुरू करून १४ महिने झाले. माझं एएमएच (अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ०.७, म्हणजे कमी आलं, सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांतले मिळून ५ फॉलिकल (अंडी ज्यात वाढतात त्या छोट्या पिशव्या) दिसले. ट्यूब मोकळ्या आहेत, थायरॉइड ठीक आहे, नवऱ्याचा रिपोर्ट नॉर्मल.

मागच्या महिन्यात फॉलिक्युलर स्टडीला, म्हणजे अंडं कसं वाढतंय ते बघायच्या सोनोग्राफीला गेले होते. बाहेर बाकांवर आम्ही सात-आठ जणी बसलो होतो. सिस्टर दारात आल्या, हातातल्या फायली चाळत म्हणाल्या, “लो एएमएचवाल्या कोण? आत या.” आणि मी उठले. फोन पर्समध्ये टाकला, चालायला लागले. माझं नाव कोणी घेतलंच नव्हतं. हे लक्षात आलं ते आत टेबलावर आडवी झाल्यावर, आणि डोळ्यांत पाणी आलं. सिस्टरांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्या दिवशी गर्दी होती, आणि माझे डोळे बघून त्यांनीच माझा हात धरला. मला त्रास झाला तो मी उठले याचा.

तेव्हापासून फाइल उघडवत नाही. पहिल्याच पानावर वयापुढे ‘एल्डरली’, म्हणजे वयस्कर, असं लिहिलंय. मी त्याबद्दल शोधून वाचलं. ३५ ही रेष १९५८ साली ‘फिगो’ या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने पहिलटकरणींसाठी आखली. पुढे १९७० च्या दशकात पस्तिशीनंतर गर्भजल तपासणी सुचवायची पद्धत पडली, कारण बाळात गुणसूत्रांचा दोष सापडण्याची शक्यता आणि त्या तपासणीमुळेच गर्भ जाण्याची शक्यता या वयाच्या आसपास साधारण सारखी धरली जायची. म्हणजे पस्तिसाव्या वाढदिवसाला शरीरात काही तुटत नाही. वयाबरोबर अंडी कमी होतात, त्यांचा दर्जा उतरतो, गर्भपाताची शक्यता वाढते, हे खरं आहे आणि ते मी मान्य केलंय. पण तो उतार आहे, हळूहळू येणारा.

एएमएचचंही तसंच. त्यावरून अंडी साधारण किती उरलीत आणि इंजेक्शनं दिल्यावर किती मिळतील याचा अंदाज येतो, दर्जा कळत नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला होता, ३० ते ४४ वयाच्या ७५० जणींचा. नुकतेच प्रयत्न सुरू केलेल्या या बायकांमध्ये एएमएच कमी असलेल्यांना दिवस राहण्याचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा कमी आढळलं नाही. मला १४ महिने झालेत, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा मला लागू होत नाही, हे मला कळतं. तरी वाचून त्या रात्री झोप लागली.

‘पुअर रिस्पॉन्डर’ हा शब्द डॉक्टर पुढच्या शक्यता समजावताना बोलले. औषधाला प्रतिसाद कमी मिळू शकतो, एवढंच त्यांना सांगायचं होतं. ते तसं म्हणाले असते तर मी ऐकून घेतलं असतं. पण ‘रिस्पॉन्डर’ म्हटलं की ती मी होते.

सर्वांत जड गेला तो मराठी शब्द. फॉर्मवर छापलं होतं, ‘वंध्यत्वाचा कालावधी’, आणि पुढे रिकामी जागा. व्याख्या मला ठाऊक आहे: १२ महिने नियमित प्रयत्न करूनही दिवस न राहणं, आणि पस्तिशीपुढे ६ महिन्यांनीच तपासण्या सुरू करतात. कधीच होणार नाही, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. पण मराठीत तो शब्द ‘वांझ’च्या इतका जवळ आहे की त्या जागेत ‘१४ महिने’ लिहिताना पेन थांबलं. शेवटी नवऱ्याने लिहिलं.

तो म्हणतो, “कागद आहे गं तो, सोडून दे.” प्रेमाने म्हणतो. पण त्याच्या कागदावर ४१ हा नुसता आकडा आहे, त्यापुढे शब्द नाही. वयाचा परिणाम पुरुषांच्या बीजावरही होतोच की. आता फाइल त्याच्या कपाटात असते, तोच वाचतो आणि मला फक्त तारीख सांगतो. तीन आठवडे बरं वाटलं. पण स्वतःचेच रिपोर्ट न वाचता किती दिवस काढायचे? निर्णय तर मलाच घ्यायचे आहेत. आणि पाळी आली की पहाटे बाथरूममध्ये पहिला आठवतो तो शब्दच, आकडा नाही.

तर विचारायचं हे. तुमच्यापैकी कोणी डॉक्टरांना सांगितलंय का, की हे शब्द माझ्यासमोर वापरू नका? नेमकं काय म्हणालात? मी वाक्य जुळवलंय: “डॉक्टर, आकडे सगळे सांगा, काही लपवू नका, फक्त मला त्या नावाने बोलावू नका.” हे उद्धट वाटेल का? आणि ज्या यातून गेल्यात, मूल झालं असो वा नसो, त्यांना हे शब्द पुढे कधी सुटले का? ‘मला चाळिशीत झालं’ हे वाचून आनंद होतोच, पण ज्यांना झालं नाही त्यांनीही लिहा. तुम्ही स्वतःला काय म्हणता, हे मला ऐकायचं आहे.

गुरुवारी सकाळी परत स्कॅन आहे. त्याच सिस्टर असतील.