विषय: लक्ष लागत नाही, चूक कुणाची?

प्रेषक: एक आई (संयोजकांमार्फत, निनावी)

मंडळी,

मुलांच्या चंचलपणावर इथे आठवडाभर चाललेली चर्चा मी रोज रात्री वाचत होते. माझा मुलगा साडेसहा वर्षांचा आहे. सकाळी एक मोजा पायात, दुसरा हातात आणि नजर खिडकीवर चढणाऱ्या मुंगीवर. तीन हाका मारते. चौथ्या हाकेला माझा आवाज चढतो, मग तो ओरडतो, मग मी. शाळेतून तिसरी चिठ्ठी आली आहे: जागेवर बसत नाही, पाळी येईपर्यंत थांबत नाही, तज्ज्ञांना दाखवा.

इथे कुणी साखरेला दोष दिला, कुणी मोबाइलला, कुणी आईच्या नोकरीला. गरोदरपणात ताप आला तेव्हा डॉक्टरांना विचारून मी पॅरासिटामॉल घेतली होती. एकीने तेही कारण म्हणून लिहिलं. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. माझं नेमकं कुठे चुकलं, एवढंच कुणी सांगेल का?

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

पोरी, मनाला लावून घेऊ नकोस. अशी मुलं आमच्या प्रत्येक वर्गात असायची, पुढे मार्गी लागली. एकदा शिक्का बसला की पुसला जात नाही, तेव्हा तज्ज्ञांच्या नादी लागण्याआधी दहादा विचार कर. मोबाइल काढून घे आणि थोडा धाक ठेव. तुझ्या काळजीपोटीच लिहितोय.

प्रेषक: बालमानसशास्त्रात काम करणारी एक सभासद

ताई, काका,

आधी त्या गोळीबद्दल. स्वीडनमधल्या सुमारे २५ लाख मुलांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. गरोदरपणी पॅरासिटामॉल घेतलेल्या आणि न घेतलेल्या आयांची मुलं सरसकट ताडून पाहिली, तेव्हा पहिल्या गटात एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न लागणं, अतिचंचलता आणि उतावळेपणा या अवस्थेचं, प्रमाण किंचित जास्त दिसलं. मग सख्खी भावंडं ताडून पाहिली: आई तीच, एकाच्या वेळी गोळी घेतलेली, दुसऱ्याच्या वेळी नाही. तो फरक उरलाच नाही. म्हणजे तो गोळीमुळे नव्हता. भावंडांना जे समान मिळतं, आईवडिलांचा वारसा, घरची परिस्थिती, त्यातून तो आला असावा. गरोदरपणातल्या धूम्रपानाचा एडीएचडीशी दिसणारा संबंधही भावंडांच्या तुलनेत बराच विरतो. (धूम्रपान बाळाला इतर अनेक प्रकारे घातक आहेच, त्यात सूट नाही.) ‘संबंध आढळला’ आणि ‘त्यामुळे झालं’ यांतला फरक न कळल्यामुळे माझ्यासमोर बसून कितीतरी आया रडल्या आहेत. म्हणून हे एवढं सविस्तर लिहिलं.

मग हे येतं कुठून? सर्वांत मोठा वाटा आनुवंशिकतेचा. जुळ्यांच्या अभ्यासांत मुलामुलांमधल्या या लक्षणांच्या फरकापैकी ७० ते ८० टक्के भाग आनुवंशिक निघतो. त्याला जबाबदार असं एकच जनुक नाही. २०२३ च्या एका मोठ्या अभ्यासात जनुकसंचातल्या २७ जागा सापडल्या, आणि प्रत्येकीचा वाटा कणभर. अपुऱ्या दिवसांत किंवा फार कमी वजनाचं मूल जन्मलं तर शक्यता वाढते. गरोदरपणातली दारू बाळाच्या मेंदूला थेट इजा करते. शिसंही तसंच: जुन्या रंगाचे पोपडे, त्यांची धूळ. लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शिसं शोषून घेतं, आणि सुरक्षित म्हणावी अशी पातळी सापडलेली नाही.

आईच्या नोकरीचं म्हणाल, तर दुर्लक्षाचा परिणाम होतो, पण कशा दुर्लक्षाचा ते पाहा. रुमानियातल्या अनाथालयांतून १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा माग शास्त्रज्ञांनी ती मोठी होईपर्यंत घेतला. सहा महिन्यांहून जास्त काळ तिथे काढलेल्यांत लक्षाच्या अडचणी जास्त होत्या, काहींत मोठेपणीही टिकल्या. तिथे बाळाला उचलून घ्यायलाही कुणी नव्हतं. संध्याकाळी दमून घरी येऊन मुलाला जवळ घेणाऱ्या आईला त्या पंगतीत बसवू नका, कळकळीची विनंती.

साखरेवर १९९४ मध्ये एक प्रयोग झाला. काही आयांना सांगितलं की तुमच्या मुलाला भरपूर साखर दिली आहे. प्रत्यक्षात दिलं होतं साखर नसलेलं गोड पेय. तरी त्या आयांना मुलं जास्त चंचल वाटली, आणि त्या मुलांच्या जास्त मागे लागल्या, जास्त टोकत राहिल्या. मोबाइलचा संबंध आढळतो, पण माफक, आणि तो दोन्ही दिशांनी असू शकतो: ज्या मुलाला थांबणं जमत नाही ते पडद्याकडे जास्त ओढलं जातं. झोप मात्र सांभाळा.

काका, तुमची शिक्क्याची भीती मला खोटी वाटत नाही. २०१८ चा अमेरिकेतला अभ्यास आहे: जिथे शाळाप्रवेशासाठी १ सप्टेंबरची मर्यादा आहे, तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सर्वांत लहान असलेल्या मुलांत एडीएचडीचं निदान सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांपेक्षा सुमारे ३४ टक्क्यांनी जास्त होतं. वयाने लहान असणं हा काही आजार नाही. पण यावरचा उपाय तज्ज्ञ टाळणं हा नव्हे. चांगला तज्ज्ञ त्रास किमान सहा महिने आहे का, घरी आणि शाळेत दोन्हीकडे आहे का, हे विचारतो. कान, डोळे, झोप तपासायला लावतो. आणि धाकाबद्दल: हाक, ओरडणं, उलट ओरडणं, शेवटी कुणीतरी माघार घेणं, हे चक्र रोज फिरलं की हट्टीपणा आणि आक्रमकता वाढते. ते चक्र आई एकटी फिरवत नाही. १९७९ च्या एका प्रयोगात औषधाने मुलांची चंचलता कमी झाली, तेव्हा आयांचे हुकूमही कमी झाले. वर्तनाच्या तक्रारींत घरचं वळण खरोखर बदलता येतं, म्हणून पालक-प्रशिक्षण कामाला येतं. लांबून चार हाका मारण्यापेक्षा जवळ जाऊन, खाली बसून, एका वेळी एकच गोष्ट सांगायची. ऐकलं की लगेच कौतुक.

ताई, दोन प्रश्न. तो वर्गात वयाने लहान आहे का? आणि त्याची झोप नीट होते का, म्हणजे झोपेत घोरतो का?

प्रेषक: एक आई (संयोजकांमार्फत, निनावी)

ताई, वर्गात तो मधल्या वयाचा आहे. पण घोरतो, रोज, तोंड उघडं टाकून. आम्हाला ते गोड वाटायचं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची मंगळवारची वेळ मिळाली आहे, बालविकासतज्ज्ञांची पुढच्या महिन्यात.

शाळेने लक्षणांची यादी भरायला दिली होती. ती नवऱ्याला वाचायला दिली. पाचव्या मुद्द्यापाशी तो थांबला, कागद खाली ठेवला आणि म्हणाला, लहानपणी मला याच गोष्टींसाठी वर्गाबाहेर उभं करायचे. हे त्याने आजवर कधी सांगितलं नव्हतं. तज्ज्ञांकडे आता तोही येतो आहे.

काका, मोबाइल रात्री आमच्या खोलीत ठेवायला लागलो, ते तुमचं ऐकलं.

शाळेला द्यायच्या चिठ्ठीचा मसुदा उद्या पाठवते. ताई, एकदा नजरेखालून घालाल का? त्याला पुढच्या बाकावर बसवा आणि सूचना एकेक करून द्या, एवढंच लिहायचं आहे.