एआय एजंटकडून जुन्या बिडचे रेट काढताना

दादा, तुम्ही विचारलंय की एआय एजंट एकाच जुन्या कामाचा एल-वन रेट (म्हणजे सगळ्यात कमी बोलीचा) दर वेळी वेगळा का सांगतो, तर आमच्या इंदूरकडच्या कामांत मी बघितलंय, नुसतं "राजवाड्याजवळची ड्रेनेज लाइन" असं विचारलं की तो दोन-तीन टेंडरांची खिचडी करतो. टेंडर आयडीच द्या. एमपी टेंडर्सवर (मध्य प्रदेश सरकारच्या ई-टेंडर पोर्टलवर) निकाल बघायला कॅप्चा लागतो, तिथे तो अडकला की अंदाजाने काहीतरी ठोकून देतो, म्हणून बीओक्यूचा (कामाच्या बाबी नि परिमाणांच्या यादीचा) सगळ्यांच्या बोलींचा तुलना तक्ता स्वतः डाउनलोड करून त्याला द्या आणि प्रत्येक आकड्यापुढे फाइल नि ओळ लिहायला सांगा. शुद्धिपत्रकंही (टेंडरमध्ये नंतर केलेल्या दुरुस्त्या) द्याच! आणि परसेंटेज रेटच्या कामात, म्हणजे जिथे अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के वर की खाली तेवढंच भरतात, तिथे "एक्सेस" (वर) की "लेस" (खाली) हे डोळ्यांनी बघा, 12 टक्के लेसचं एक्सेस झालं तर तुमचा पुढचा रेट पार गंडेल हो.