केटनचं रोमन मोझेक पुन्हा मातीखाली घातलं, ते बरोबर झालं का?

लेस्टरची_मीनल
मी राहते तिथून तासाभरावर, इंग्लंडच्या रटलंडमधल्या केटन गावात, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये एका शेतात रोमन मोझेक, म्हणजे बारक्या दगडी तुकड्यांतून चित्रं काढलेली फरशी, सापडलं. सुमारे ११ मीटर लांब, ७ मीटर रुंद. ग्रीक कथेतल्या ट्रोजन युद्धातल्या अकिलीस आणि हेक्टर या शत्रू योद्ध्यांची तीन चित्रं आहेत. शेवटच्या चित्रात एका पारड्यात हेक्टरचं प्रेत आहे आणि दुसऱ्यात त्याचा म्हातारा बाप सोनं टाकतोय, मुलाचा देह सोडवून न्यायला. फोटो पाहूनच गलबलून आलं मला. लेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी खोदकाम केलं, नोंदी घेतल्या, आणि वर परत माती! २०२१ मध्ये संरक्षित स्मारक झालं, पण बघायचं कोणी आणि कसं? माझ्या मते ते उचलून संग्रहालयात लावायला हवं. तुर्कस्तानात झ्यूग्मा या प्राचीन शहरातली मोझेक काढली, म्हणून आज गाझियानतेपच्या संग्रहालयात 'जिप्सी मुलगी' या मोझेकमधल्या चेहऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून बघता येतं.

सळई_आणि_चुना
मीनलताई, झ्यूग्माला २००० साली बिरेचिक धरणाचं पाणी चढत होतं. काढली नसती तर बुडाली असती. केटनच्या शेतात कुठलं पाणी येतंय?
मोझेक म्हणजे जमीन आहे. खाली चुन्याचे थर, त्यात बसवलेले दगडाचे बारके तुकडे. उचलायचं म्हणजे वरून कापड चिकटवायचं, खालून चुना कापायचा, मोठं असेल तर भाग पाडून न्यायचं. विसाव्या शतकात उचललेल्या कितीतरी मोझेकांना मागून सळयांचं काँक्रीट दिलं. सळया गंजून फुगल्या आणि दगड निखळले. मी पुलांची दुरुस्ती करतो. फुगलेली सळई काय करते ते माझ्या रोजच्या बघण्यातलं आहे.

लेस्टरची_मीनल
आता सळया कोण घालतं, दादा? इस्रायलमधल्या लोदचं बघा. १९९६ मध्ये रस्त्याच्या कामात मोझेक निघालं, ते झाकून ठेवलं. २००९ ला उचललं तेव्हा खालच्या चुन्यात माणसांच्या पावलांचे ठसे मिळाले, ते घडवणाऱ्या कारागिरांचे! झाकूनच ठेवलं असतं तर ही माणसं आपल्याला कधी भेटलीच नसती. आता ते मूळ जागी, छताखाली आहे.

पंचगंगाकाठ
मी मीनलताईंच्या बाजूने. आमच्या कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती मिळाली, ती टाउन हॉल संग्रहालयात आहे. पाचवीत असताना बघितली. रोमशी आपला व्यापार होता हे त्या वीतभर मूर्तीने पटवलं, धड्याने नाही.

सळई_आणि_चुना
मूर्ती हातात उचलता येते हो. खोलीची जमीन खोलीपासून तोडली की भिंत कुठे होती, दार कुठे होतं, माणसं कुठे बसत असतील, हा सगळा संदर्भ तुटतो.
छताचं म्हणाल तर इटलीच्या सिसिली बेटावरचा व्हिला रोमाना देल कासाले हा रोमन वाडा आठवा. १२व्या शतकात दरडीखाली गाडला गेला, म्हणून हजारो चौरस मीटर मोझेक शाबूत राहिलं. विसाव्या शतकात त्यावर पारदर्शक छत घातलं, तर आत भट्टी झाली. शेवटी ते छतच बदलावं लागलं. माती हे सगळ्यात जुनं आणि भरवशाचं झाकण आहे.

शेतकऱ्याची_पोर
पण नांगराचं काय? शेतात नुसतं पुरून ठेवलं तर दरवर्षी फाळ लागणार. केटनला ते शेत गवताळ कुरण करायचं ठरलंय, म्हणून मला पुरणं पटतं. तशी सोय नसती तर मीही उचला म्हटलं असतं.

लेस्टरची_मीनल
फाळाचा मुद्दा मान्य. मग निदान अधूनमधून उघडा तरी! ग्लॉस्टरशरमधल्या वुडचेस्टरला जुन्या चर्चच्या आवारात मातीखाली ऑर्फियस या ग्रीक कथेतल्या गायकाचं प्रचंड मोझेक आहे. पूर्वी ते काही वर्षांनी उघडायचे. १९७३ ला माणसांचा एवढा लोंढा आला की गाव मेटाकुटीला आलं, त्यानंतर उघडलेलंच नाही. त्या गावात जन्मलेल्या पन्नाशीच्या माणसानेही आपल्या पायाखालचा ऑर्फियस एकदासुद्धा पाहिलेला नाही.