स्प्रिंगच्या एअर रायफलला कुठला स्कोप टिकतो?

खटका: तीन वर्षांत दोन स्कोप (नेम धरायच्या दुर्बिणी) गेले. दुसऱ्याचा क्रॉसहेअर (आतली नेमाची फुली) परवा चक्क तिरका झालेला दिसला, आणि हलवला की आत तांदळाचा दाणा असल्यासारखं खुळखुळतं. दोन्ही 3-9x40 (3 ते 9 पट झूम, पुढचं भिंग 40 मिमी), दोन्ही "पॉइंट टू-टूला (.22 काडतुसाच्या रायफलला) चालतो, एअरगनचं काय घेऊन बसलात" म्हणत दुकानदाराने गळ्यात मारलेले.

धक्का लहान असतो, पण दोन बाजूंनी बसतो. चाप ओढला की पिस्टन पुढे धावतो, म्हणून रायफल मागे येते. पिस्टन दाबलेल्या हवेवर आपटून थांबला की तीच रायफल पुढे हिसका देते. काडतुसाच्या रायफलचा स्कोप मागचा धक्का सोसायला बांधलेला असतो. पुढच्या हिसक्याने भिंगं ढिली होतात. माझं मत ठाम झालंय: स्प्रिंगवर एअरगनसाठीच बनवलेला, साधा फिक्स 4x32 (झूम नाही, कायम 4 पट) लावावा. झूम ही नुसती हौस.

दोन_नळी: साफ असहमत. 4x मधून 40 मीटरवरचं नाणं दिसतं का तुम्हाला? हॉक कंपनीची एअरमॅक्स मालिका एअरगनसाठीच आहे आणि झूमवाली आहे. माझा झूमवाला सहा वर्षं स्प्रिंगवर टिकलाय. शिवाय फिक्स 4x32 चा पॅरॅलॅक्स बहुधा 30-35 यार्डांवर बांधलेला असतो, म्हणजे डोळा हलला तरी क्रॉसहेअर जागेवर राहतो तो तेवढ्याच अंतरावर. गच्चीवर 10 मीटरला डोळा जरा हलला की क्रॉसहेअर टार्गेटवरून सरकतो. पुढची रिंग फिरवून 10 यार्डांपर्यंत येणारा एओ (अंतराप्रमाणे पॅरॅलॅक्स जुळवता येणारा) स्कोपच घ्या.

खटका: एओचं मान्य. पण जितके हलणारे भाग जास्त तितकं मोडायला जास्त, यात काय चुकलं? आणि वजन? जड स्कोप त्याच हिसक्याला माउंटवर (स्कोप रायफलला धरणाऱ्या पकडीवर) जास्त ओढतो.

मनीषा_आर: तुम्ही दोघं स्कोपवरून भांडताय, माउंटकडे कोणी बघतच नाही! स्प्रिंगच्या हिसक्याने माउंट 11 मिमीच्या खाचेवरून (रेलवरून) हळूहळू मागे घसरतं आणि आपण म्हणतो "झीरो (जुळवलेला नेम) राहत नाही, स्कोप गेला". माउंटच्या मागे रेलवर नेलपॉलिशचा ठिपका लावा आणि पन्नास छरे मारा. ठिपका झाकला गेला की चोर सापडला. एकसंध माउंट घ्या, त्याची घसरण थांबवणारी स्टॉप पिन रायफलच्या भोकात बसतेय ना बघा.

दुसरं. माझ्या रायफलची नळी रेलच्या मानाने किंचित खाली झुकलेली होती, छरे खाली लागायचे. मी एलिव्हेशनचा (नेम वर-खाली करायचा) नॉब वर फिरवत फिरवत टोकाला नेला. तिथे स्कोपच्या आतली स्प्रिंग सैल पडते, मग आतली नळी प्रत्येक धक्क्याला नाचते. स्कोप धडधाकट, ग्रुप (छऱ्यांचा पुंजका) मात्र बशीएवढा. मागून उंच असलेलं माउंट लावलं, नॉब मधोमध आला, विषय मिटला.

जुना_चाप: स्कोप हवाच कशाला म्हणतो मी? 2008 ला बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राने 10 मीटर एअर रायफलचं सुवर्ण घेतलं ते पीप साईटवर, बारीक भोकाच्या साईटवर. त्या प्रकारात स्कोप चालतच नाही. आमची आयएचपी 35 एअर रायफल उघड्या साईटवर अजून नेम धरते. काचच नाही तर फुटणार काय!

दोन_नळी: काका, बिंद्राच्या रायफलला स्प्रिंग नव्हती. आणि चाळिशीनंतर पुढची साईट धुरकट दिसते त्याचं काय?

जुना_चाप: म्हणून तर पीप. बारीक भोकातून पाहिलं की साईट आणि टार्गेट दोन्ही बरीच स्पष्ट दिसतात. मला सत्तरीत दिसतंय. बाकी ज्याला 40 मीटरवर मारायचंय त्याने कागदावरच मारा. पारवे-कावळे नकोत.

दोन_नळी: कागदच हो काका. मनीषाताई, उंच माउंटचं पटलं. पण स्वस्त स्कोप चांगल्या माउंटवरही खुळखुळणारच, यावर मी ठाम.

खटका: आत्ता स्कोप उतरवून बघितला. रेलवर तीन-चार मिमीचा चकचकीत ओरखडा आहे. पिन भोकात बसवलेलीच नव्हती, माउंटच्या आत वर चढवून ठेवलेली. म्हणजे मीच.

हा दुसरा तर खुळखुळतोय, तो गेलाच. पण पहिला खुळखुळत नव्हता. नुसता झीरो सरकायचा, म्हणून पुतण्याला खेळायला दिला. आता परत कुठल्या तोंडाने मागू?